मंगळवारचं टेबल

आमच्या वन्सं जाग्या असतात तेव्हाही निम्म्या झोपेतच असतात, असं माझं लग्न झाल्यापासूनचं मत आहे. दूध उतू जातं तेव्हा त्या शेगडीसमोरच उभ्या असतात, दुधाकडेच बघत असतात. फक्त त्यांना दूध दिसत नसतं. "अहो वन्सं!" म्हणून मी ओरडले की दचकून म्हणतात, "अगं, किती छान वर येत होतं." यावर माणसाने काय बोलायचं? मी ओटा पुसते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पण आता त्या जगाच्या वन्सं झाल्या आहेत आणि त्याला कारण मी. पहिल्याच मंगळवारी मी भर बैठकीत त्यांना "वन्सं, खिडकी लावा" म्हटलं, आणि समोरच्या हवालदारांना वाटलं, हेच यांचं नाव. तेव्हापासून हवालदार त्यांना वन्सं म्हणतात, शाळेच्या बाई म्हणतात, कोर्टातले कारकून तर अदबीने 'वन्संबाई' म्हणतात. या नात्याने मिशीवाले हवालदार माझी जाऊ लागतात. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलंही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मग थोरली की धाकटी, ते आधी ठरवा."

वन्सं तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्याआधी लग्न होऊन सासरी गेल्या होत्या, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत एका दुपारी एक पिशवी घेऊन माहेरी परत आल्या होत्या. का आल्या, हे घरात कुणी बोलत नसे. मी सून होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "तो विषय काढायचा नाही." मी काढला नाही. माझी जीभ बघता हे मोठंच म्हणायचं.

एक्स्चेंजबद्दल मात्र त्या तासन् तास बोलतात. उंच छताची खोली, भिंतभर बोर्ड, बोर्डावर इवलेइवले दिवे. दिवा लागला की कुणाला तरी कुणाशी तरी बोलायचंय. या घराची वायर त्या घराला जोडायची आणि आपण बाजूला व्हायचं. दुपारी जेवणं झाली की सगळं शहर गप्प व्हायचं. एकही दिवा नाही, वर संथ फिरणारा पंखा, फरशीवर पिवळं ऊन, आणि ओळीने बसलेल्या पोरी पेंगतायत. अशा वेळी मधूनच एखादा दिवा लागायचा. "नंबर?" विचारलं की पलीकडून नुसता श्वास. नंबर नाही, शब्द नाही.

"मग तुम्ही काय करायचात?" मी विचारलं होतं.

"काही नाही. लाइन तोडायची नाही. आपणही श्वास घेत बसायचं."

"कोण असायचं?"

"बायका. बाईचा श्वास कळतो गं. पुढे कुणी तरी खोलीत यायचं आणि दिवा विझायचा." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या स्वप्नात अजून लागतात ते दिवे. मी वायर शोधत असते."

एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा त्यांना नगरपालिकेच्या तक्रार विभागात टाकलं. तिथेही फोनच. गटार तुंबलं, रस्त्यावरचा दिवा गेला, नळाला पाणी नाही. पण काही बायका पाणी आलं तरी फोन ठेवत नसत. वन्संना तो श्वास ओळखीचा होता. त्या घरी येऊन ताट पुढ्यात घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "आज पुन्हा तीच." मी दवाखान्यात अपघात विभागात नर्स. आमच्याकडे बायका यायच्या, दारावर आपटले म्हणायच्या, जिन्यावरून पडले म्हणायच्या. शहरातल्या जिन्यांनी एवढ्या बायका पाडल्या असत्या तर जिनेच तोडावे लागले असते. मी मलमपट्टी करायची, पुढची बाई घ्यायची. पोलिसांना शेजाऱ्यांचा फोन यायचा, ते जायचे, आत सगळं शांत असायचं. शाळेत पोरगं बाकावर झोपायचं. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट; कुणाच्या हाती सोंड, कुणाच्या हाती शेपूट, आणि हत्ती मात्र घरात सुखाने नांदतोय.

एके दिवशी वन्सं त्यांच्या साहेबांकडे गेल्या आणि वरच्या मजल्यावरची रिकामी खोली मागितली. तिथे एक लांबडं टेबल पडून होतं. साहेबांनी विचारलं, "काय करणार?" वन्सं म्हणाल्या, "लाइन जोडणार." साहेबांना काही कळलं नसावं, पण स्वप्नाळू माणसाला नाही म्हणायला जीव होत नाही, किल्ली दिली.

अशी ही मंगळवारची बैठक सुरू झाली. हवालदार, शाळेच्या बाई, कोर्टातले कारकून, मी आणि टेबलाच्या टोकाला, खिडकीशी, वन्सं. कधी निवारागृहाच्या बाई येतात. पद्धत अशी की एकेकाने बोलायचं आणि पाहिलेलंच सांगायचं. "वाटलेलं घरी ठेवून या," असं वन्सं म्हणतात. टेबलावरचं जिन्याखाली न्यायचं नाही. आणि ज्या बाईबद्दल बोलायचं तिची परवानगी आधी घ्यायची. ती घ्यायला वन्सं स्वतः जातात. चहा मी करते, कारण वन्संच्या हाती आधण दिलं तर चहा होण्याऐवजी आटून जातं.

इस्त्रीवाली आमच्या टेबलावर आली ती अशी. नगरपालिकेच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत एक लाँड्री आहे, तिथे ती इस्त्री करायची. माझ्याकडे आली ती भाजलेला खांदा घेऊन. म्हणाली, इस्त्री लागली. इस्त्रीवालीला इस्त्री लागणारच, त्यात काय नवल; पण खांद्याच्या मागे, पाठीवर? हे मी मंगळवारी सांगितलं. शाळेच्या बाई म्हणाल्या, तिची मुलगी घरी जायची वेळ झाली की पोट दुखतंय म्हणते. हवालदार म्हणाले, त्या घरी दोनदा जाऊन आलो, नवऱ्याने दारातच हसून बोळवण केली. तीन माणसांनी तीन वाक्यं एकाच टेबलावर ठेवली. सुटं असताना कुठल्याच वाक्याने काही झालं नसतं.

अर्थात त्याआधी वन्सं परवानगी घ्यायला लाँड्रीत गेल्या होत्या. इस्त्रीवाली बराच वेळ चादर सारखी करत राहिली, मग म्हणाली, "घ्या माझं नाव. पण जे बोलाल ते मला कळलं पाहिजे. घरात सगळं माझ्या पाठीमागेच ठरतं. तुम्हीपण तसंच करणार असाल तर नको."

"तसं नाही होणार," वन्सं म्हणाल्या.

पुढचं सगळं एकमेकांच्या हाताने झालं. माझी नोंद, बाईंचं म्हणणं, शेजाऱ्यांचे फोन, सगळं एकत्र कोर्टापुढे गेलं. नवरा आत गेला. घराचं कुलूप बदललं. मुलीचं पोट दुखायचं थांबलं. लाँड्रीवरून जाताना मला इस्त्रीवालीचा आवाज ऐकू येऊ लागला. आधी वर्षभर ती बोलते हेच मला ठाऊक नव्हतं.

आणि मग तो मंगळवार.

इस्त्रीवालीच्या नवऱ्याला आदल्या शुक्रवारी जामीन झाला होता. बायकोच्या जवळपास फिरकायचं नाही या अटीवर. आता आमचं टेबल चांगलं मुरलं होतं. बातमी टेबलाची वाट बघत बसत नसे. कारकुनांनी त्याच दिवशी हवालदारांना फोन केला. हवालदारांनी शाळेच्या बाईंना आणि मला केला. बाईंनी शिपायाला सांगितलं, मुलीला आईखेरीज कुणाच्या हाती द्यायचं नाही. मी घरी वन्संना सांगितलं आणि अपघात विभागात सगळ्या पाळ्यांना सांगून ठेवलं. वन्संनी निवारागृहात एक खोली धरून ठेवली. मंगळवारी आम्ही जमलो ते काम फत्ते झाल्यासारखे. हवालदार म्हणाले, "आज दुपारी सुटतोय. आपली सगळी तयारी आहे." मी चहा ओतला. मला आमचा सगळ्यांचा फार अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, गेली यांची तंद्री. त्या मऊ आवाजात सांगू लागल्या, "सकाळी लाँड्रीवरून आले मी. काय सुंदर दिसत होतं. दार सताड उघडं, आत वाफ, वाफेत ऊन शिरलेलं. वाळत घातलेल्या चादरी अशा हळूहळू हलतायत, आणि त्यांच्या मधोमध ती. दाराकडे पाठ करून इस्त्री करत होती आणि गात होती. मी उभीच राहिले. हाक नाही मारली. म्हटलं, असू दे. किती दिवसांनी गातेय."

आम्ही सगळे हसलो. शाळेच्या बाईंचे तर डोळे भरले. वन्संही हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. झोपेतून उठवल्यावर माणूस खोली ओळखायला जसा वेळ घेतो तसं त्यांनी एकेकाकडे पाहिलं.

"दाराकडे पाठ करून," त्या म्हणाल्या. "तिला कोणी सांगितलं?"

हवालदारांनी कप टेबलावर ठेवला.

"तो सुटतोय हे तिला कोणी सांगितलं?"

हवालदार कारकुनांकडे बघून म्हणाले, "कोर्टाकडून कळवतात ना?" कारकून म्हणाले, "कळवायचं तर पोलिसांनी असतं." शाळेच्या बाई म्हणाल्या, "मला वाटलं वन्संनी..." आणि मी काय सांगू, मलाही तेच वाटलं होतं. वन्संना वाटलं होतं, हवालदार सांगतील. वाटलेलं घरी ठेवून या म्हणणाऱ्या माणसांनी त्या आठवड्यात फक्त वाटून घेण्याचंच काम केलं होतं. आख्ख्या शहराला ठाऊक होतं. शाळेच्या शिपायाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते तिलाच.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ती फोन पिशवीत ठेवते, वाफेने खराब होतो म्हणून. लाँड्रीचा फोन लावला. यंत्रांच्या घरघरीत तो कुणाला ऐकू येणार? शाळेच्या बाई पर्स उचलून शाळेकडे धावल्या. आम्ही तिघं जिना उतरलो. वन्संना मी जन्मात भरभर चालताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला आणि हवालदारांना मागे टाकून त्या गल्लीत शिरल्या.

दार अजून उघडंच होतं. हवालदार बाहेर उंबऱ्याशी थांबले. आत तीच वाफ, त्याच चादरी, आणि ती. सगळं इतकं निवांत होतं की क्षणभर मलाच वाटलं, आपण बोलूच नये. बोललो तर हे सगळं मोडेल. वन्संनी एक चादर बाजूला केली आणि सरळ सांगितलं, "तो आज सुटतोय. कदाचित सुटलाही असेल. आमच्याबरोबर चल."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. आधी दाराकडे पाहिलं, मग वन्संकडे.

"कधी कळलं तुम्हाला?"

"शुक्रवारी."

"हवालदारांना?"

"त्यांनाही."

"शाळेत?"

"हो."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं." तिचा आवाज चढला नाही, हेच मला सोसवेना. "आणि मी इथे गाणी म्हणतेय. दार उघडं टाकून. बाई, मी तुमच्या भरवशावर दार उघडं टाकलं होतं."

मला राहवलं नाही. मी मध्ये पडले. "अगं, चूक झाली गं, पण आता बोलत बसायची वेळ नाही, आधी निघ—"

"नाही येत मी," ती म्हणाली. "इथून हलले की परत तुम्ही सगळे मिळून ठरवणार, मी कुठे राहायचं, मुलीने कुठे जायचं. मला शेवटी कळणार. त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय मग?"

हवालदारांनी बाहेरून हाक दिली, "वन्सं, लवकर." वन्संनी ऐकलंच नाही. त्या इस्त्रीच्या टेबलाला धरून उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मी त्यांच्यासाठी स्टूल शोधू लागले.

"मीपण हेच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला. सासरहून परत आले त्या दुपारी. माझा नवरा आधीच्या बायकोलाही मारायचा. पहिली होती, हेच मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, मामाला होतं, लग्न जमवणाऱ्याला होतं. मी विचारलं, सगळ्यांना माहीत होतं? आई म्हणाली, मला वाटलं, तुझ्या मामानं तुला सांगितलं असेल."

यंत्रं घरघरत होती. माझी सासू डोळ्यांसमोर आली, पहिल्या आठवड्यात बोट उगारून बजावणारी, आणि मला तिचा असा राग आला की ती जिवंत नाही याचं बरं वाटलं.

"त्यानंतर ती आयुष्यभर बोलली, पण त्यावर नाही," वन्सं म्हणाल्या. "मी तुला शब्द दिला होता. बाकी कुणाची चूक नाही, माझी आहे. मला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. मला माफ कर, किंवा करू नकोस, ते तुझं तू ठरव. मागच्या दाराने कुठे जायचं तेही तू ठरव. निवारागृहात खोली आहे. तुझ्या बहिणीकडे जायचं तर तिकडे सोडते. इथेच थांबायचं तर मी पण इथेच थांबते."

आणि खरंच त्यांनी तिथलं स्टूल ओढलं आणि बसल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. पण हे सोंग नव्हतं. ती नाही म्हणाली असती तर वन्सं तिथेच बसल्या असत्या, हे मला माहीत होतं, आणि तिलाही कळलं असावं.

इस्त्रीवालीने तार ओढून इस्त्री बंद केली. "मुलगी?"

"शाळेच्या बाई तिच्याजवळ बसल्यात."

"आधी तिला घ्यायची. मग बहिणीकडे. निवारागृह नको."

"बरं."

मागच्या दाराने आम्ही निघालो. शाळेच्या अंगणात दुपारचं ऊन होतं, मुलगी बाईंच्या शेजारी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधायला शिकत होती. आईला बघून म्हणाली, "आज लवकर?" आई म्हणाली, "आज मावशीकडे जायचंय," आणि तिच्याजवळ खाली बसून दुसरी नाडी बांधू लागली.

तो आला होता. आम्ही निघाल्यावर थोड्याच वेळात. हवालदार लाँड्रीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. तो हसून म्हणाला, कपडे न्यायला आलोय. हवालदार म्हणाले, "पावती दाखवा." पावती नव्हती. जामिनाची अट मोडलेली होती. त्याला परत नेलं.

पुढच्या मंगळवारी इस्त्रीवाली वर आली. कुणी बोलावलं नव्हतं. वन्संनी फक्त निरोप ठेवला होता की यावंसं वाटलं तर दार उघडं आहे. ती कारकुनांच्या शेजारी बसली. आम्हाला कुणालाच कुठून सुरुवात करावी कळेना. तिच्या माघारी तिच्याबद्दल बोलायला आम्ही किती पटाईत होतो, आणि ती समोर बसली तर एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. शेवटी तीच म्हणाली, "तो आता कुठे आहे?"

कारकुनांनी सवयीप्रमाणे टेबलाकडे बघत सुरुवात केली, मग थांबले, खुर्ची वळवली आणि तिच्याकडे बघून पहिल्यापासून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. दोन प्रश्न विचारले. तिने आम्हाला माफ केलं की नाही ते बोलली नाही. चहा मात्र प्याली, आणि साखर जास्त आहे म्हणाली.

संध्याकाळी मी आणि वन्सं चालत घरी निघालो. वन्सं परत मूळ पदावर आल्या होत्या. रस्ता ओलांडताना दंडाला धरून मागे ओढावं लागलं. खांबांवरचे दिवे एकेक करून लागत होते आणि त्या मान वर करून बघत होत्या. मी इतकी वर्षं गिळलेला विषय शेवटी काढलाच.

"वन्सं, आईंना तुम्ही माफ केलंत?"

त्या अजून खांबाकडेच बघत होत्या. मला वाटलं, ऐकलंच नाही.

"तिने माफी मागितलीच नाही कधी. मला वाटायचं, फार जड असेल तिला ते, म्हणून नाही मागितली. म्हणून मी पण सोडून दिलं." मग माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेत म्हणाल्या, "त्या दिवशी मी मागून बघितली ना. इतकं काही जड नसतं गं. आईला जमलं असतं."